जुन्या मोटारीची पुढची चाके
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या पाठोपाठ मोटारीच्या पुढच्या चाकांवर बोलावयास उभे राहणे हे धाडसच म्हटले पाहिजे. आम्ही अभियंते नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि पुढची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत घालविली. जुन्या मोटारींचा नाद मात्र आम्हांला पहिल्यापासून आहे. विषय निवडण्याचे खरे कारण याहून निकडीचे आहे. कोलकात्यातील आपल्या कित्येक घरांत वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली एखादी मॉरिस अथवा अँबॅसॅडर अद्याप आच्छादनाखाली उभी आहे. ती भंगारात घालावी की पुन्हा रस्त्यावर आणावी, हा प्रश्न घरात निघतो. तेव्हा कोणी ना कोणी सुचवितो की पुढचे जुने सस्पेन्शन काढून टाका आणि नवे बसवा. हा सल्ला कितपत मानावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल आम्ही मॉरिस मायनर घेतो. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही छोटी गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. नमुना तयार झाल्यावर ती अरुंद दिसते असे वाटून इसिगोनिस यांनी ती उभी कापविली व मध्ये चार इंचांची भर घातली. पुढे हिची सोळा लाखांवर उत्पत्ती झाली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काढली. हुगळीकाठच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज. १९५७ पासून २०१४ पर्यंत ती तेथे तयार होत होती, आणि आमच्यासारख्यांची अर्धी नोकरी तिच्या मागच्या आसनावर गेली. या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या बाजूस टॉर्शन बार आहे.

टॉर्शन बार म्हणजे पोलादाचा लांब दांडा. मायनरमध्ये तो गाडीच्या तळाशी लांबीच्या दिशेने बसविलेला असतो. त्याचे मागचे टोक घट्ट जखडलेले असते आणि पुढचे टोक चाकाच्या खालच्या हातात अडकविलेले असते. चाक वर उचलले गेले की दांड्याला पीळ पडतो, आणि तो पीळ उलगडू पाहतो तोच कमानीचे काम करतो. वरचा हात मात्र निराळ्या जातीचा आहे. मायनरचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा तेल भरलेला एक डबा असून त्यातून बाहेर आलेला दांडा हाच चाकाचा वरचा हात होय. एकाच वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही काटकसर आपल्या गृहिणींना पसंत पडावी!

या दोन हातांच्या मध्ये उभी किंगपिन असते. तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असून ते ट्रनियन नावाच्या ठोकळ्यांत फिरतात. सुकाणू वळविले की हे आटे फिरतात, आणि गाडीचा पुढचा सारा भार त्यांच्यावर असतो. ग्रीस मिळेनासे झाले की आटे झिजतात. पुरते झिजले की एके दिवशी खालच्या ठोकळ्यातून किंगपिन निसटते आणि चाक गाडीखाली मुडपते. बहुधा हे गाडी हळू असताना, चाक पुरते वळविले असता घडते, हे दैव म्हणावयाचे. भर वेगात घडल्यास काय होईल, ते सांगण्याची गरज नाही. आसनावर आपली मुलेबाळे बसलेली असतात.

म्हणून सुधारणेचा विचार करण्यापूर्वी तपासणी करावी. गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून, खाली भक्कम आधार देऊन, चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहावे. ढिलेपणा जाणवला तर तो किंगपिनचा, बेअरिंगचा की शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्याचा, हे मिस्त्रीकडून निश्चित करून घ्यावे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडावा. गाडी एकदा उसळून स्थिर झाली तर ठीक, झुलत राहिली तर डब्यातील तेल गेले असे समजावे. ग्रीस भरताना चाके जमिनीपासून उचललेली असावीत, म्हणजे भार हलका होऊन ते आट्यांत सर्वत्र शिरते. गाडी खराब चालते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीकांची तक्रार नवे ट्रनियन, नवे रबरी बुश, योग्य टायर आणि व्हील अलाइनमेंट एवढ्यावरच मिटते, असा आमचा अनुभव आहे. पन्नास वर्षे झिजलेल्या गाडीवरून मूळ रचनेची परीक्षा करणे अन्यायाचे आहे.

एवढे झाल्यावर खऱ्या सुधारणा येतात. पहिली म्हणजे डब्याच्या जोडीला नळीच्या आकाराचे टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविणे. खड्ड्यांवर ते चाकाला अधिक चांगले आवरतात. मात्र यांतील पुष्कळ संचांत जुना डबा वरचा हात म्हणून जागेवरच राहतो. त्याचा दांडा ढिला असेल तर नवी नळी बसवूनही चाक डुगडुगतच राहणार. दुसरी सुधारणा म्हणजे अँटी-रोल बार. वळणावर गाडी एका अंगाला कलते, ते यामुळे कमी होते. तिसरी, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश. ते टिकाऊ असतात आणि सुकाणूला नेमकेपणा आणतात, पण रस्त्याचे हादरे थोडे अधिक आत येऊ देतात. वयस्क मंडळी गाडीत बसणार असतील तर याचा विचार करावा.

जाड टॉर्शन बार घालण्याचा मोह मात्र आवरावा. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास शेकडा ५ ने वाढविला तर ताठपणा शेकडा २१ हून अधिक वाढतो. शेकडा १० ने वाढविला तर शेकडा ४६. डोळ्यांना न दिसणारा फरक पाठीच्या मणक्यांना कळतो! शर्यतीच्या गाडीप्रमाणे पुढचा भाग खाली आणण्याची हौसही आपल्या गतिरोधकांपुढे टिकत नाही. हे दांडे डावे आणि उजवे निरनिराळे असतात, त्यांची अदलाबदल करू नये. पीळ असलेल्या दांड्यात मोठी शक्ती साठलेली असते. खालच्या हाताला आधार दिल्याविना तो सोडू नये. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच आहे.

आता आमच्या पेशाला शोभेल असे दोन शब्द. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. एखाद्या आधुनिक गाडीचे पुढचे सबंध सस्पेन्शन आणून, चासी कापून, वेल्डिंगने जोडण्याची जी टूम निघाली आहे, ती या अटीत बसणारी नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. तेव्हा मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर फायलीत जपून ठेवावे. तोंडी परवानगीवर कधीही विसंबू नये, ही चाकरीत मिळालेली विद्या आम्ही विनामूल्य देत आहोत.

आमची कसोटी साधी आहे. जी सुधारणा मूळच्याच भोकांत बोल्ट घालून बसते आणि उद्या तेच बोल्ट काढून परत घेता येते, ती करावी. जिच्यासाठी पोलाद कापावे लागते, ती करू नये. काढलेले मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. गाडी आपल्याकडे वडिलांकडून आली आणि पुढे मुलांकडे जाणार आहे. त्यांना ती मूळच्या रूपात हवी झाली, तर त्यांचा तो मार्ग आपण बंद करून ठेवू नये.

मुलखापासून इतक्या दूर पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्यांना हे अधिक सांगावयास नको. काय बदलावे आणि काय जपून ठेवावे, याचा निवाडा आपण दर गणेशोत्सवात करीतच आला आहात.

 मंडळाच्या शतकमहोत्सवासही आपल्यातील एखादी मायनर स्वतःच्या चाकांवर या दारी यावी, अशी सदिच्छा व्यक्त करून आमचे भाषण पुरे करतो.