ठासणीच्या बंदुकीची नळी : किती लांब असावी?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



जिच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून ती गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक. तिची नळी किती लांब असावी, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो शिकाऱ्याच्या विवेकाचाही आहे. या बंदुकीत दुसरा बार लगेच मिळत नाही. पहिली गोळी ओझरती लागली, तर जखमी जनावर झाडीत शिरते आणि तडफडत मरते. म्हणून नेम, वेग आणि वजन यांचा मेळ बंदूक निवडतानाच घालावा लागतो.

‘नळी लांब, तर मारा लांब’ ही समजूत सर्व देशांत फार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. काळी दारू म्हणजे सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक यांचे मिश्रण. ती पेटली की तापलेला वायू पसरतो आणि गोळीला पुढे ढकलतो. नळी जितकी लांब, तितका वेळ ही ढकल चालू राहते. परंतु वायू पसरत गेला की त्याचा दाबही उतरत जातो. त्यामुळे पहिल्या काही इंचांत गोळीला जे मिळते, ते शेवटच्या इंचांत मिळत नाही.

ही गोष्ट मापून मांडण्याचे श्रेय बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाला जाते. त्याने 1742 साली तोफविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळी टांगलेल्या लंबकावर मारायची आणि लंबक किती झुलला यावरून तिचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. थोर गणिती ऑयलर याने तो ग्रंथ 1745 साली जर्मन भाषेत आणला. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

त्याच्या पद्धतीने हिशेब करून पाहावा. दारूचा थर नळीत 2 इंच आहे असे धरले, तर नळी 15 इंचांवरून 30 इंच केल्याने वेग सुमारे 16 टक्के वाढतो. तीच 30 वरून 60 इंच केली, तर वाढ 12 टक्क्यांवर येते. 30 वरून 45 इंचांवर गेल्यास जेमतेम 7 टक्के पदरात पडतात. घर्षण आणि नळीत वाया जाणारी उष्णता या हिशेबात धरलेली नाही; प्रत्यक्षातला लाभ याहून कमीच.

मग लांब नळीचा आग्रह का? याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपल्याबरोबर ‘येगर’ नावाची आखूड, जाड तोंडाची शिकारी रायफल आणली होती. नव्या मुलुखात शिसे आणि दारू महाग, वाटा लांबच्या. एक पौंड शिशातून 0.60 इंच व्यासाच्या 21 गोळ्या निघतात. व्यास अर्धा इंच केला तर 37. म्हणून तोंड बारीक झाले आणि नळी 42 ते 46 इंचांपर्यंत वाढली. या बंदुकीला पुढे ‘केंटकी रायफल’ हे नाव पडले.

लांबीचा खरा लाभ नेमात होता. मागची खाच आणि पुढची माशी यांत 30 इंचांचे अंतर असताना डोळ्याची एक मिलिमीटर चूक झाली, तर 50 मीटरवर गोळी सुमारे 66 मिलिमीटर बाजूला जाते. हेच अंतर 40 इंच असल्यास चूक 49 मिलिमीटरवर येते. हरणाच्या छातीतील मर्मस्थानाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

पुढे शिकारी पश्चिमेच्या मैदानांत आणि पर्वतांत घोड्यावरून हिंडू लागला, तेव्हा हीच लांबी अडचण ठरली. सेंट लुई येथील जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनवलेल्या बंदुकांची नळी साधारण 34 ते 36 इंचांची, पण जाड आणि भक्कम असे. मोठ्या जनावरासाठी भारी गोळी आणि भरपूर दारू तिला पेलत असे.

इंग्लंडमध्ये उडत्या पक्ष्यावर छर्रे मारणाऱ्या बंदुकांची कथा निराळी. तेथे एकेकाळी चार फुटांहून लांब नळ्या असत. हेन्री नॉकने 1787 साली दारूखान्याची अशी रचना पेटंट केली की मुख्य दारू झटकन पेटू लागली. लांब नळीची गरज घटली, 30-32 इंचांच्या नळ्या पुरेशा ठरल्या आणि त्यामुळेच जोडनळीची बंदूक खांद्याला झेपू लागली.

सारांश असा. अर्धा इंच तोंडाच्या साधारण जाडीच्या अष्टकोनी नळीत 10 इंच लांबी वाढली, की सुमारे 700 ग्रॅम वजन पुढच्या बाजूला वाढते. स्थिर नेमाला हा भार उपकारक. दिवसभराच्या पायपिटीला आणि दाट झाडीला मारक. उघड्या रानात उभे राहून मारणाऱ्याने 40 इंचांच्या पुढे जावे. झाडीतून हिंडणाऱ्याने 28 ते 32 इंचांत समाधान मानावे. दोन्ही प्रसंग ज्याच्या वाट्याला येतात, त्याला 34 ते 36 इंच बरे. आणखी एक कसोटी आहे : बंदूक जमिनीवर टेकवल्यावर तोंड चेहऱ्यापासून दूर ठेवून गज सहज चालवता आला पाहिजे. उंची कमी असलेल्याने लांब नळीचा हट्ट धरू नये.

आपल्याकडील तोड्याच्या बंदुकाही लांब नळीच्याच. संग्रहालयांत त्या पाहताना हा हिशेब आठवावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या त्याच्या दुरुस्तीने आपल्या देशात हौसेच्या शिकारीचा अध्याय संपला, हे योग्यच झाले. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो आणि तेथे हा प्रश्न अजून जिवंत आहे.

रॉबिन्सपूर्वी शेकडो वर्षे लोक लांब नळीची थोरवी सांगत आले होते. ती किती खरी, हे पाहायला एक टांगलेली फळी आणि एक चिकित्सक बुद्धी पुरली. ऐकीव गोष्ट टाकून देऊ नये. ती मापून घ्यावी. एवढे ध्यानात राहिले, तर या शुष्क विषयाला आपण दिलेला वेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.