बंदरावरील बावटा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



समुद्रावरील हवामान या विषयावर बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला, गावच्या शाळेत भूगोल व गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. वेधशाळेतील शास्त्रज्ञाचा अधिकार मजपाशी नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांची चूल आजही दर्यावर अवलंबून आहे आणि या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आज प्रथमच चारचौघांत सांगत आहे.

२००९ सालच्या १० नोव्हेंबरची सायंकाळ. आकाशवाणीच्या बातम्यांत समुद्र खवळणार असल्याचा व मच्छीमारांनी बाहेर न जाण्याचा इशारा मी ऐकला. बंदर माझ्या घरापासून पाऊण मैलावर. बंदरावर हे कळले असेलच, असे गृहीत धरून मी दिवा मालविला. दुसऱ्या दिवशी दुपारी 'फयान' वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कित्येक नौका त्याने गिळल्या. त्या पहाटे निघालेल्यांत माझा एक विद्यार्थी होता. सातवीत असताना नकाशे काढण्याचा त्याला भारी नाद. तो परत आला नाही. त्याच्या मातोश्रींनी मला कधी दोष दिला नाही, कारण मी इशारा ऐकला होता, हे त्यांस ठाऊकच नव्हते.

त्यानंतर मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन करू लागलो. त्यातील थोडे आपणापुढे ठेवतो.

समुद्राचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंशांपेक्षा अधिक तापले की त्याची वाफ विपुल प्रमाणात वर जाते. वर तिचे ढग बनताना तीत साठलेली उष्णता मोकळी होते, हवा आणखी वर उचलली जाते आणि खाली दाब उतरतो. ती उणीव भरण्यास चहूकडून वारे धावतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सरळ न येता वळतात आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेर धरतात. विषुववृत्तालगत हे वळण अगदी क्षीण असते, म्हणून तेथे वादळ सहसा जन्मत नाही. भर पावसाळ्यातही ते विरळाच, कारण त्या दिवसांत खालचा वारा एकीकडे आणि उंचावरचा भलतीकडे वाहत असल्याने वादळाचा खांब उभाच राहत नाही. उरतात ते पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यानंतरचे महिने.

आमच्या लहानपणी अरबी समुद्राकडे बंगालच्या उपसागराच्या मानाने सौम्य म्हणून पाहिले जाई, आणि आकड्यांनीही ते खरे होते. परंतु आता आपल्या बाजूचे पाणी तापत चालले आहे. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. तितकी यापूर्वी १९०२ साली झाली होती. पुढच्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांची काय दशा केली, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

कोणी म्हणतील, आमच्या आजोबांना वेधशाळा कोठे होती? त्यांची थट्टा मी करणार नाही. वादळ दूर असतानाच त्याच्याकडून निघालेली लांब, संथ लाट किनाऱ्यावर येऊन पोचते. जुन्या तांडेलांना ती ओळखू येई व ते होड्या वर ओढून घेत. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता वादळाचे केंद्र डाव्या अंगास असते, हा नियमही शास्त्राला मान्य आहे. परंतु आजोबा सायंकाळी घरी येत. आता नातवाची नौका आठ-आठ दिवस बाहेर असते आणि वादळ एका रात्रीत बळावते.

२०१७ साली नेमके हेच घडले. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि ३० तारखेस कन्याकुमारीच्या समुद्रात त्याचे 'ओखी' चक्रीवादळ झाले. इशारा निघाला, परंतु केरळ व तमिळनाडूच्या शेकडो नौका त्याआधीच दूर गेल्या होत्या आणि किनाऱ्यापासून थोडे अंतर जाताच भ्रमणध्वनी मुका होतो. किती माणसे पाण्यावर आहेत, हा आकडाच कित्येक दिवस निश्चित होईना. त्यांतील बऱ्याच नौका वाट फुटेल तशा उत्तरेस येऊन आपल्या देवगड बंदरात आश्रयास लागल्या. मी त्या वेळी तेथे गेलो होतो. भाषा कळत नव्हती. एका वृद्ध खलाशाने बोटांनी खुणावून सांगितले, की आम्ही इतके निघालो आणि इतके उरलो.

या आपत्तीनंतर, २०१९ साली, 'गगन' या उपग्रहप्रणालीवर चालणारे 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र निघाले. खोल समुद्रातही ते इशारा आणून देते. मात्र त्याने संदेश येतो. नौकेवरून उत्तर जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

अंदाज पोचला म्हणजे काम झाले, असेही नव्हे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधीपासून मिळत होती. तरीही मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा २६१ माणसांसह नांगरून राहिला. नांगर तुटले, तराफा बुडाला. नौदलाने जिवाची बाजी लावून बहुतेकांना वाचविले, तरी सत्तरावर माणसे गेली. ती सारी सूचना कोणाच्या तरी मेजावर कागदरूपाने पडून होती, याचे मला फार वाईट वाटते.

आता माझ्या गणिताच्या खोडीप्रमाणे एक हिशेब सांगतो. हैदराबादची महासागर माहिती संस्था, म्हणजे इन्कॉइस, रोज लाटांच्या उंचीचा अंदाज देते. त्यात 'तीन मीटर' असे म्हटले असता सर्वांत मोठी लाट तीन मीटरांची, असा अर्थ पुष्कळ जण करतात. तो चुकीचा आहे. शंभर लाटा मोजल्या, त्यांतील मोठ्या तेहतीस निवडल्या आणि त्यांची सरासरी काढली, की तो आकडा येतो. एखादी एकटी लाट त्याच्या दुप्पट, म्हणजे सहा मीटरांची येऊ शकते. आपल्या लहान होडीला उलटविण्यास तेवढी एकच पुरे.

बंदरावरील बावट्यांविषयीही असाच गैरसमज आहे. पहिला व दुसरा बावटा दूर समुद्रात वादळ असल्याचे सांगतो, म्हणून तो 'आपला नव्हे' असे समजून कित्येक तांडेल निघतात. अहो, बंदरात राहणाऱ्यास ते दूर आहे. समुद्रात जाणाऱ्यास दूर कसले? तिसरा व चौथा लागला म्हणजे खुद्द बंदरास धोका. पाचपासून दहापर्यंत संकट वाढत जाते, आणि अकरावा म्हणजे वेधशाळेशी संबंधच तुटला.

अध्यक्षमहाराज, आता एक सूचना करून माझे भाषण आटोपते घेतो. संस्थेच्या बंदरावरील खोलीत एक वही असावी. कोणती नौका केव्हा निघाली, माणसे किती, शिधा किती दिवसांचा, कोणत्या बाजूस गेली आणि घरी कोणास कळवावयाचे, एवढे तीत लिहावे. रोज सायंकाळचा अंदाज ऐकून तो बाहेर निघणाऱ्या प्रत्येकास तोंडाने सांगण्याचे काम, प्रकृती चालेल तोवर, मी करीन. वही मी आणलेली आहे व ती चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. पहिल्या ओळीत माझ्या पुतण्याच्या नौकेची नोंद आहे. तो परवा पहाटे निघतो; चार माणसे, सहा दिवसांचा शिधा.