डेबियनवरचा विश्वास
इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली डेबियन ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली फुकट मिळते. पण लोक तिच्याशी वर्षानुवर्षे बांधलेले राहतात, ते दिलेला शब्द पाळला जातो म्हणून. गंभीर दोष निस्तरल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नाही आणि पुढे सुमारे पाच वर्षे सुरक्षादुरुस्त्या मिळतात.

तिच्यातली सॉफ्टवेअर जुनी असतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र सर्व्हर अखंड चालवणाऱ्याला नावीन्यापेक्षा खात्री मोलाची वाटते. चुका इथेही होतात. २००८ मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल या माहिती कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली गंभीर त्रुटी डेबियनच्याच बदलामुळे शिरली होती. प्रकल्पाने ती जाहीर केली, दुरुस्ती दिली, त्यामुळे कमकुवत झालेल्या कूटकिल्ल्या बदलायला सांगितल्या. दोष लपवणार नाही, हे डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारातलं वचन तेव्हा कसोटीला उतरलं. अशा उघडपणामुळेच निष्ठा टिकते.