उजनीच्या काठावरचे पाहुणे



सहल म्हटली की शाळेची गाडी आपल्याकडे बहुधा गडाकडे नाही तर देवस्थानाकडे वळते. वळावी, त्याला हरकत नाही. पण बारामती-इंदापूरकडच्या मुलांना एक निराळे ठिकाण अगदी अंगणात आहे. भिगवण स्टेशनावर उतरावे आणि डिकसळ किंवा कुंभारगावच्या काठाशी जावे. समोर भीमेचे अडवलेले पाणी पसरलेले दिसते.

हे पाणी तसे नवेच म्हणायचे. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. त्याआधी इथे भीमेकाठची काळी जमीन होती, गावे होती, देवळे होती. पाणी फार खाली गेले म्हणजे पळसदेवचे जुने मंदिर आजही वर डोकावते. तेव्हा मुलांना पक्षी दाखवताना एवढे जरूर सांगा, की जिथे रोहित पक्षी उभा आहे तिथे कुणाच्या तरी आजोबांची ज्वारी उभी होती. काठावरचा वयस्क माणूस हे पाणी पाहून गप्प होतो, त्याचे कारण मुलांना कळलेले बरे.

आता पक्षी. दसरा-दिवाळीला धरण भरलेले असते, पाणी खोल असते. तेव्हा लांब पायांच्या पक्ष्यांना इथे फारसे काम नसते. पुढे शेतीला पाणी सुटते, धरण उतरू लागते, आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्या गुडघाभर पाण्यात रोहित येतात. यांनाच कोणी अग्निपंख म्हणतात. यांची जेवायची तऱ्हा मोठी गमतीची, बरं का! मान खाली घालून चोच उलटी धरायची, जिभेने पाणी आत ओढायचे आणि चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर सोडायचे. आत उरते शेवाळ आणि बारीक जीव. अंगाचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. अंडी मात्र ते इथे घालीत नाहीत. त्यासाठी कच्छच्या रणासारखी खारट, निर्जन जागा लागते.

पट्टकादंब नावाचा राखी हंस त्याहून लांबचा. डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून तो येतो, आणि इंदापूर तालुक्यातल्या हरभऱ्याच्या रानाशेजारी चरतो!

आपला घरचा पक्षी म्हणजे चित्रबलाक. भादलवाडीच्या तळ्यात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर यांची वसाहत असते. इंदापूर गावातल्या जुन्या चिंचांवरही ते घरटी करतात. तळ्यातली बाभूळ त्यांना का आवडते? भोवती पाणी असले की मांजर-कुत्रे झाडापाशी पोचत नाही. तळे अवेळी आटले, किंवा सरपणासाठी बाभळी तुटल्या, की पिलांचा आडोसाच गेला.

गाळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उघड्या पडलेल्या जमिनीवर काठचे शेतकरी गाळपेर करतात. ज्यांची रानेच बुडाली त्यांना ती जमीन कसू नका म्हणून सांगायला कुणाची जीभ रेटेल? पण पक्ष्यांनाही तोच ओला चिखल हवा. माझ्या मते यातून थोडी वाट काढली आहे ती नावाड्यांनी. पूर्वी केवळ जाळे टाकणारी माणसे आता पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात, आणि थवा टिकला तरच आपला रोजगार टिकेल हे त्यांना पक्के ठाऊक असते. घाई करतो तो प्रवासीच. "जवळ घ्या, उडवून दाखवा," असा त्याचा हट्ट! उडवलेला पक्षी चारा सोडतो आणि अंगातली ताकद फुकट घालवतो. शिक्षकांनी होडीत बसण्यापूर्वीच मुलांना हे बजावावे.

फुलांचे म्हणाल तर पाण्यावरचे सर्वांत देखणे फूल जलपर्णीचे, जांभळट आणि भरगच्च. पण त्याला भुलू नका. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. वरच्या शहरांचे सांडपाणी नद्यांतून इथवर येते, त्यावर ती पोसते, आणि दाट वाढली की पाण्यातला उजेड आणि प्राणवायू दोन्ही कमी करते. मुलांनी त्या फुलाचे चित्र काढावे आणि खाली सांडपाण्याची ही हकीकतही लिहावी.

खरी रानफुले पाहायची तर पावसाळा सरता सरता बारामती तालुक्यात सुप्याला जावे. तिथले मयुरेश्वर अभयारण्य 1997 सालचे, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे, आणि सगळे माळरान. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, जमिनीलगत विष्णुक्रांतेचे निळे ठिपके, गोखरूची पिवळी फुले, मधून मधून बोर आणि हिवर. सकाळी लवकर गेलात आणि बोलणे आवरलेत तर चिंकाराही दिसेल. तो बहुधा तरवडाच्या पिवळ्या फुलांआड उभा असतो, आणि कान हलवीपर्यंत मातीसारखाच वाटतो.