आकाशातील केबिनमन



विमान-वाहतुकीच्या नियंत्रणातील संशोधनावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण संशोधनातून जे यंत्र बाहेर पडते त्याच्यापुढे अखेर पाळीवर कोणीतरी बसतोच. माझा संबंध त्या बसणाऱ्याशी आहे.

लोणावळेकरांना हे काम समजायला अवघड नाही. एका ब्लॉकमध्ये गाडी असेपर्यंत दुसरीला सिग्नल मिळत नाही. शंका आली की केबिनमन सिग्नल लाल करतो आणि गाडी उभी राहते. घाटात ताबा सुटलेली गाडी धरायला कॅच सायडिंगही आहे. विमान उभे राहत नाही, आणि आकाशात कॅच सायडिंग कोणी बांधलेली नाही!

पूर्वी वैमानिक रेडिओवरून आपले ठिकाण व उंची सांगे आणि खालचा नियंत्रक कागदी पट्टीवर ते मांडून हिशेब करी. वैमानिकाचाच अंदाज चुकला तर काय होते, ते ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्याने पाहिले. बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान, मुक्काम जवळ आला अशा समजुतीने लवकर खाली उतरले आणि जुन्नरकडच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले. विमानातली ९४ माणसे गेली. आपल्या खिडकीतून दिसतो तोच हा सह्याद्री.

असा अंदाज चुकू नये म्हणून इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून 'गगन' उभे केले. उपग्रहाचा संदेश वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरातून येताना रेंगाळतो, आणि विषुववृत्ताजवळच्या आपल्या देशावर तो थर फार चंचल. म्हणून परक्यांचे गणित इथे जसेच्या तसे चालेना. आपल्या शास्त्रज्ञांना स्वतःचे बसवावे लागले. ज्यांची जागा पक्की मोजलेली आहे अशी जमिनीवरची केंद्रे चूक किती ते काढतात, आणि दुसऱ्या उपग्रहामार्फत दुरुस्ती विमानाला पोचते. २८ एप्रिल २०२२ रोजी किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान या साहाय्याने उतरवून पाहण्यात आले. हे काम मोठे आहे, त्याला माझा नमस्कार.

पण यंत्र आले की माणूस कमी करता येतो, हा हिशेब मला गिरणीपासून पाठ आहे. अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ ला सुमारे १३,००० नियंत्रकांनी संप केला. कामाचे तास कमी करा, ताण असह्य आहे, अशीही त्यांची मागणी होती. अध्यक्ष रेगन यांनी ११,००० हून अधिक जणांना काढून टाकले, आणि पाठोपाठ स्वयंचलनाची प्रचंड योजना आली. अब्जावधी डॉलर ओतून १९९४ मध्ये तिचा मोठा भाग गुंडाळावा लागला. पुढच्या यंत्रणेच्या वेळी, १९९७ मध्ये, नियंत्रकांनी दाखवून दिले की पडद्यावर उघडणारी चौकट मागची विमानेच झाकते. प्रयोगशाळेतल्या विद्वानांना जे खटकले नव्हते, ते पाळीवाल्याला दिसले! मग त्याला बरोबर घेऊन दुरुस्त्या झाल्या.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत विमानांचे संदेश वाटणारी यंत्रणा बिघडली. नियंत्रकांनी हाताने काम रेटले. तरी ८०० च्या वर उड्डाणांना उशीर झाला.

आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. मुंबईच्या शेजारी दुसरा; म्हणजे एकाच आभाळात दोन स्टेशनांची गर्दी. तिथे नवे यंत्र बसेल तेव्हा चाचणीच्या पहिल्या दिवसापासून नियंत्रकांच्या संघटनेचे प्रतिनिधी भरपगारी त्या टेबलाशी असावेत, त्यांची हरकत लेखी नोंदली जावी, आणि जुन्या यंत्रावरची माणसे नवे अंगवळणी पडेपर्यंत कमी करू नयेत, एवढी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.