आमच्या तळघरातला पिचर

(१९९५च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला फोन आला तेव्हा संयोजकांनी एकच अट घातली होती : 'कॉम्प्युटरवर बोलू नकोस, लोक जेवणाआधीच उठून जातील.' म्हणून मी बेसबॉलवर बोलणार आहे. हे काल रात्री त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण गोष्ट माझ्या एका चुकीची आहे, आणि ती या शाळेत शिकलेलं विसरल्यामुळे झाली, म्हणून ती इथेच सांगायची होती.

आम्ही तेव्हा आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहत होतो. चहूकडे मक्याची शेतं आणि मधे एक शहर. तिथे मायनर लीगचा एक संघ आहे. मायनर लीग म्हणजे बेसबॉलची शिडी. वर मेजर लीग, ती टीव्हीवर दिसते ती. तिच्याखाली ट्रिपल-ए, मग डबल-ए, त्याखाली सिंगल-एच्या पायऱ्या. शाळा-कॉलेजातून उचललेली मुलं खालून चढत जातात आणि बहुतेक वाटेतच गळतात. आमचं गाव बऱ्याच खालच्या पायरीवर. माइक ट्राउट नावाचा या पिढीतला एक थोर खेळाडू २०१० साली याच मैदानावर खेळून गेला, हे गावात नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच सांगतात.

या मुलांना तेव्हा महिन्याला बारा-तेराशे डॉलर मिळायचे, तेही हंगामाचे पाच महिनेच. त्यात भाडं परवडत नाही. म्हणून गावातली कुटुंबं एकेका खेळाडूला घरी ठेवून घ्यायची. (२०२२पासून घराची सोय क्लबनेच करायची असं ठरलं, ते बरं झालं.) २०१७ साली आमच्या तळघरातल्या खोलीत असा एक मुलगा आला. वीस वर्षांचा, सहा फूट तीन इंच, पिचर. पिचर म्हणजे आपला बोलर, पण चेंडूचा टप्पा पडत नाही आणि फलंदाज साठ फुटांवर उभा असतो. त्याचं नाव सांगत नाही, तो त्याचा खासगी मामला आहे. भाजणीचं थालीपीठ केचपला लावून खायचा. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आता आमचा धंदा तुम्हाला माहीत आहे. घरात आकडे तयार होताहेत म्हटल्यावर मी गप्प बसणार? प्रत्येक सामन्यानंतर मी त्याचे आकडे एका एक्सेलच्या तक्त्यात भरू लागले. पिचरचा सगळ्यांना माहीत असलेला आकडा म्हणजे ई.आर.ए. : नऊ इनिंगमागे त्याने किती धावा दिल्या. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. साठ इनिंगमध्ये तीस धावा दिल्या तर साडेचार. साडेतीनच्या खाली चांगला, पाचाच्या वर काळजी. आमच्या मुलाचा जूनपासून पाचाच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

ऑगस्टमध्ये एका रात्री तो स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याच्या आईचं म्हणणं होतं, पुरे झालं, कॉलेजला जा. करारात फीची तरतूद होती. त्याने मला विचारलं, 'तुम्ही आकड्यांचं काम करता. खरं सांगा, माझं काही होईल का?'

मी लॅपटॉप आणला. आलेख दाखवला. शांतपणे, मोठ्या बहिणीच्या मायेने, मला तरी तसं वाटत होतं, त्याला सांगितलं की या पायरीवर ज्याला पाचाच्या वर धावा पडतात तो वर टिकणं अवघड आहे. आई म्हणते ते ऐक. त्याने मान हलवली, दूध प्यायला आणि खाली गेला. हंगाम संपल्यावर गाडीत सामान भरून निघून गेला.

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. ख्रिसमसच्या शुभेच्छा वगैरे झाल्या आणि बोलता बोलता तो म्हणाला, 'जूनपासून मला स्लायडर टाकायला बंदी होती.'

स्लायडर म्हणजे शेवटच्या क्षणी बाजूला सटकणारा चेंडू. त्याचं सगळ्यात चांगलं अस्त्र तेच. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की त्याच्या आधारावर तू खाली जिंकशील, पण वर लागतो तो चेंज-अप, म्हणजे जोरात येतोय असं भासवणारा हळू चेंडू. तो शिक. मार पडला तरी चालेल, प्रत्येक इनिंगमध्ये टाक. मी जे भरत होते ते एका हाताने खेळणाऱ्या मुलाचे आकडे होते, आणि दुसरा हात मुद्दाम बांधलेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं कारण विचारलं नव्हतं. पाच महिने एका घरात राहून 'आज तुला काय टाकायला सांगितलं होतं?' एवढा एक प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. मैदानावर जाऊन त्याचे चेंडू मोजले असते तरी कळलं असतं. मी धावा मोजत होते.

त्या हिवाळ्यात मी सगळा तक्ता मोडून पुन्हा मांडला, आणि थोडा अभ्यासही केला. बेसबॉलमध्ये माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं पुष्कळ आहेत. त्यांपैकी वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एकाने २००१ साली दाखवून दिलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. तो झेल होईल की फटका, यात क्षेत्ररक्षक आणि नशीब यांचा वाटा मोठा. खालच्या पायऱ्यांवर तर क्षेत्ररक्षकही शिकाऊच. त्यांच्या हुकलेल्या झेलांचं बिल बरेचदा पिचरच्या खात्यावर पडतं, कारण चेंडूपर्यंत पोचलाच नाही तर ती चूक धरली जात नाही. पिचरचं स्वतःचं म्हणावं असं तीनच : किती जणांना चेंडू लागूच दिला नाही, म्हणजे स्ट्राइकआउट, किती जणांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं, म्हणजे वॉक, आणि किती होमरन दिले. हेही इनिंगमागे न मोजता फलंदाजांमागे मोजायचं. ज्याला मार पडतो त्याच्यापुढे एका इनिंगमध्ये जास्त फलंदाज येतात, त्यामुळे इनिंगमागचे स्ट्राइकआउट उगाच फुगतात.

आणि वय बघायचं. कॉलेज संपवून आलेला तेवीस वर्षांचा पिचर एकोणीस-वीसच्या पोरांना सहज गंडवतो. त्याचा ई.आर.ए. देखणा दिसतो आणि दोन पायऱ्या वर गेला की फुटतो. आमचा मुलगा वीसचा होता, समोर बहुतेक त्याच्याहून मोठे होते. नव्या तक्त्यात तो थोर दिसला असं नाही. पण 'कॉलेजला जा' असं सांगण्यासारखाही दिसला नाही.

आता दोन पिचर सांगते. जेकब डीग्रॉम. कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक. २०१० साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि त्याच वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. २०१३ साली ट्रिपल-एमध्ये, लास व्हेगासला, ई.आर.ए. साडेचारच्या आसपास. ते मैदान उंचावर, हवा कोरडी, चेंडू लांब उडतो. नुसता आकडा वाचणाऱ्याने त्याला सोडून दिलं असतं. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१८ व २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला.

दुसरा स्टीव्ह डाल्कोव्हस्की. त्याच्याइतका वेगवान कोणी पाहिला नाही असं जुनी माणसं सांगत. १९६० साली स्टॉकटनला १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट आणि तितकेच, बरोबर २६२, वॉक. काय म्हणाल या मुलाला? १९६२ साली अर्ल वीव्हर नावाच्या मॅनेजरच्या हाताखाली त्याचे वॉक खूप कमी झाले, मेजर लीगचं दार उघडणार असं दिसू लागलं, आणि १९६३च्या सराव हंगामात कोपर गेलं. मेजर लीगचा एकही सामना तो खेळला नाही.

मागच्या रांगेतून कोणीतरी 'शिवलकर' म्हणालं, बरोबर. आपल्या पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी वीसच्या आत, आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात बेदी होते. तेही दुःखच, पण जात वेगळी. रणजीत शिवलकर जिंकायला चेंडू टाकत होते, त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. मायनर लीगमध्ये क्लबला सामन्यापेक्षा मुलगा तयार व्हायला हवा असतो. तिथे आकडा वाचायचा तर त्या दिवशीचा गृहपाठ काय होता हे आधी कळायला हवं.

इथे मला गणिताच्या बाईंची आठवण झाली. बाई, तुम्ही समोर बसलाय म्हणून गोड बोलत नाही. उजवीकडे समास आखून 'कच्चे काम' लिहायला लावायचात, आणि ते खोडलं तर रागवायचात. उत्तर चुकलेल्या पेपरात तुम्ही आधी तो समास बघायचात. मला कायम पैकीच्या पैकी, त्यामुळे माझा समास तुम्ही कधी पाहिलाच नाही आणि मला त्याची किंमत कळली नाही. 'ब' तुकडीतून तुम्ही ज्यांना 'अ'मध्ये ओढून आणलंत त्यांतले तिघे आज या सभागृहात आहेत. त्यांचे वार्षिकचे गुण मला पाठ होते, आम्ही हुशार मुली त्यावरून हसायचो. त्याची माफी मी त्यांच्याजवळ मगाशी चहाच्या वेळी मागितली. एकाला तर ते आठवतही नव्हतं, दुसऱ्याला मात्र स्वच्छ आठवत होतं.

मुलाचं काय झालं ते सांगते. त्याने माझं ऐकलं नाही. मी जानेवारीत फोन करून चूक कबूल केली, तोवर त्याने कॉलेजला नकार कळवून टाकला होता. चेंज-अप जमला. दोन वर्षांत डबल-एला पोचला. मग कोपराचा स्नायुबंध तुटला, तीच ती १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने परत आला तेव्हा वेग आला, नेम आला नाही. सोडलं त्याने. म्हणजे मी सांगितलं तेच झालं, असं माझा नवरा म्हणतो. मला ते पटत नाही. मी सांगितलं त्यात कोपर नव्हतं.

तो आता एका शाळेत मुलांना शिकवतो. गेल्या महिन्यात त्याने मला एका पंधरा वर्षांच्या मुलाचे आकडे पाठवले आणि खाली लिहिलं, 'तुम्हाला काय वाटतं?' मी उलट विचारलं, याला काय टाकायला सांगितलंयस? त्यावर त्याचं चार पानी उत्तर आलंय, ते मी येताना विमानात निम्मंच वाचलं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. थांबते. जेवायला चला.