पोर म्हणजे दुबार पेरणी नव्हे

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे चालू आहे. मला विषय दिला आहे तो पोरांच्या खेळाचा. मागे काही जण चुळबुळ करताहेत, की भावाच्या मेळाव्यात हे कुठून आले? भावाशी संबंध आहे म्हणूनच आले.

कोरडवाहू गावात पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर कोण पळते? आपलीच पोरे. पोरांचे भरतीचे १६०० मीटर, पोरींचे पोलीस भरतीचे ८०० मीटर. सगळीच आवडीने पळतात असे कुणाला वाटत असेल, तर त्याने त्यांना एकदा विचारावे. पऱ्हाटीत काही उरत नाही, ज्वारी घरी खाण्यापुरती. मग घरातले एक तरी माणूस पगारावर लागले पाहिजे. शिकवणीला पैसे लागतात, पाय फुकट आहेत. त्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण. पोरगा कबड्डीत जरा चमकला की बापाला सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला दिसू लागतो.

बापाला मी दोष देत नाही. बुडत्याला काडीचा आधार लागतोच. पण ती काडी बारा वर्षांची आहे.

तालुक्याच्या कुठल्याही शालेय स्पर्धेला जाऊन बघा. रेषेबाहेर बाप उभा असतो. चढाईत पोराची पकड झाली की हा ओरडतो, "अरे, गोऱ्हा विकून तुला बूट घेतले!" सगळे मैदान ऐकते. पुढच्या चढाईला पोरगा उठतो तेव्हा समोरच्या सात गड्यांपेक्षा तो गोऱ्हाच त्याला जास्त दिसत असतो. परतताना फटफटीवर गाव येईपर्यंत चुकांची उजळणी. मग नेमके सामन्याच्या दिवशी त्याचे पोट दुखायला लागते. बाप म्हणतो, ढोंग करतो. ढोंग नसते ते, भीती पोटात उतरते.

भीतीपोटी पोर दुखणे लपवते, हे तर फार वाईट. दहा ते पंधरा या वयात हाड झपाट्याने वाढते. उड्या आणि धावणे जास्त झाले की गुडघ्याखाली सूज येते, टेंगूळ येते. त्याला औषध म्हणजे भार कमी करणे आणि विश्रांती. डॉक्टर साधा हिशेब सांगतात: वय जितके वर्षांचे, आठवड्याला सराव तितक्या तासांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. बारा वर्षांच्या पोराला बारा तास, बस. औताचा बैल दुपारी आपण सोडतोच ना?

कुस्तीतल्या मंडळींना वेगळे सांगायचे आहे. खालच्या वजनगटात बसवण्यासाठी पोराचे पाणी तोडायचे, घोंगडी गुंडाळून पळवायचे, हे बंद करा. अमेरिकेत १९९७ साली वजन उतरवण्याच्या नादात महाविद्यालयातले तीन पहिलवान काही आठवड्यांच्या आत मेले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी बाद झाली. तिच्याजवळ डॉक्टर होते, आपल्या पोराजवळ तालमीबाहेरचा पानवाला आहे. वाढत्या पोराने पोटभर खावे आणि वरच्या गटात लढावे.

तसेच ते 'ताकदीचे इंजेक्शन'. बोगस बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण दहा वेळा वाचतो, आणि पोराच्या दंडात काय गेले ते विचारत नाही! त्यातल्या काही औषधांनी उंची वेळेआधी थांबते, यकृत आणि हृदय खराब होते, आणि तपासणीत सापडला तर बंदी येते ती वेगळीच. जन्मतारखेचेही तेच. सोळा वर्षांचा गडी चौदाच्या गटात घुसवला, तर खोटेपणाचा पहिला धडा त्याला बापानेच दिला.

मायबहिणींनो, पोरगी पळताना लवकर धापा टाकते म्हणून तिला आळशी म्हणू नका. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारची पाहणीच सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. सराव जोरात आणि ताट अर्धे, अशाने पाळी थांबली तर ती सोय समजू नका, डॉक्टरला दाखवा. पोरगी बाहेरगावी अकादमीच्या वसतिगृहात असेल तर न सांगता भेटायला जा. तिथे बाई कोण आहे, रात्री कोण असते, हे विचारा. ती एकाएकी घरी येते म्हणाली तर "फी भरली आहे" हे उत्तर देऊ नका. आधी ऐकून घ्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, तो तिलाही पाठ असू द्या.

आता अकादमीचा हिशेब. आपण कापसाचा उत्पादनखर्च पैशापैशाने मांडतो, तिथे मात्र जमीन गहाण टाकताना पावतीसुद्धा मागत नाही. शंभर जागांत खेळाडूंच्या पाच, आणि त्या पाचांसाठी जिल्ह्याजिल्ह्यातून रांग. २०२२ पासून सैन्यात अग्निवीर चार वर्षांचा, पुढे कायम होणार ते फार तर चारांत एक. हे गणित पोराला जरूर सांगा, पण कर्जाचा आकडा त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख, आईबाप कष्टकरी. शाळा लांब, म्हणून चालत-पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. पळण्याच्या स्पर्धेत उतरला तो २०१५ साली, विशी ओलांडल्यावर. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. दहाव्या वर्षी कुणी त्याच्या मागे घड्याळ घेऊन उभे नव्हते. सगळ्यांचे पोर साबळे होणार नाही, हेही खरे. जे होणार नाही त्याचे गुडघे मात्र धड राहिले पाहिजेत, त्याला डवरणी करायची आहे.

म्हणून सामन्याहून पोर आले की पहिल्यांदा भाकरी वाढा. जिंकला का हरला, तो आपण होऊन सांगेल. रेषेबाहेरून शिकवायचे काम प्रशिक्षकाचे. आणि खेळ सोडतो म्हणाला तर आठ दिवस कारण ऐका, मग ठरवा.

एक काम गावशाखेचे. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान बहुतेक गावांत कुणाच्या तरी कडब्याने आणि ट्रॉलीने अडलेले आहे, त्यात आपलेही लोक आहेत. दिवाळीआधी ते मोकळे करा, दगड वेचा, कबड्डी आणि खो-खोची आखणी करा. डांबरी रस्त्यावरची पोरे तिथे आणा. पुढच्या बैठकीत प्रत्येक शाखेने सांगायचे, कडबा कुणाचा होता आणि उचलला की नाही.